वरच्या वाडीची वाट दिल्लीमार्गे

आमदारसाहेबांनी आपली सुधारणा वाचून दाखवली आणि पौडच्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगांतल्या बायका तर उभ्याच राहिल्या. कुणीतरी घोषणा द्यायला सुरुवात केली, ती समितीच्या अध्यक्षांनी हात वर करून थांबवली.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक तर सरकारी अधिकाऱ्याने समितीच्या बैठकीत टाळ्या वाजवायच्या नसतात. आणि दुसरं म्हणजे, माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

मी राज्याच्या विधि विभागात कायद्यांचे मसुदे लिहायचे. आता निवृत्त आहे. लोकांना वाटतं, आमदार कायदे लिहितात. आमदार कायदे मंजूर करतात. लिहिणारे आम्ही, मंत्रालयात फायलींच्या आड बसलेले. एखाद्या खात्याला कायदा हवा असतो, ते आम्हाला काय हवं ते सांगतं, आणि आम्ही ते अशा भाषेत लिहितो की कोर्टात कुणाला त्यातून पळवाट काढता येऊ नये. त्यामुळे दिवसभर एकच विचार करायचा: हे वाक्य वाचून लबाड माणूस काय करेल? पुढे सवयच लागते. आमचे हे म्हणतात, ही लग्नाची पत्रिकासुद्धा ‘यात काय लपवलंय’ म्हणून वाचते. खोटं नाही ते.

तर ते विधेयक. ऑफिसात सगळे त्याला ‘वाटेचं बिल’ म्हणायचे. मूळ भानगड मुळशी तालुक्यातलीच होती, म्हणून समिती पौडला आली होती. एखादं विधेयक नाजूक असेल तर दोन्ही सभागृहांतले काही आमदार घेऊन एक संयुक्त समिती नेमतात. ती लोकांचं ऐकते, जागेवर जाऊन बघते, विधेयकातला एकेक खंड तपासते आणि मग सभागृहाला अहवाल देते. खंड म्हणजे क्लॉज. विधेयक मंजूर झालं की त्याच खंडाला कलम म्हणतात. मी समितीसोबत होते ते मसुद्यात काय बदललं तर काय होईल, हे सांगायला.

मुठा खोऱ्यात डोंगराच्या सोंडेवर एक वस्ती आहे. कागदावर तिला मोठं नाव आहे, पण सगळे वरची वाडीच म्हणतात. मजुरीवर जगणारी माणसं. सकाळी खाली डांबरी रस्त्यावर टेम्पो येतो, मजुरांना भरतो, कुणाला बंगल्यांच्या बागेत सोडतो, कुणाला हिंजवडीकडे बांधकामावर. टेम्पो कुणासाठी थांबत नाही. चुकला की त्या दिवशी चूल कशी पेटवायची हा प्रश्न.

वाडीतून रस्त्यावर उतरायची वाट दोन तुकड्यांची. वरचा तुकडा वनखात्याच्या जंगलातून येतो. खालचा तुकडा खासगी जमिनीतून. ही जमीन पूर्वी भाताची खाचरं होती, बांधावरून वाडीची माणसं यायची-जायची, कुणी विचारायचं नाही. मग मालकाने जमीन विकली. घेणाऱ्या शेठने ती बिनशेती करून बंगल्यांचे प्लॉट पाडले, चारी बाजूंनी कुंपण घातलं आणि बरोबर वाटेवर एक भलंमोठं लोखंडी फाटक उभं केलं.

शेतातली वहिवाट अडवली तर तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतो, असा कायदा जुना आहे. पण जमीन बिनशेती झाली की वकील म्हणतात, आता इथे शेतच नाही, तर शेताचा कायदा कसा लागेल? मग कोर्ट, तारखा, अपील. नवं विधेयक ही फट बुजवणार होतं. जमीन शेतीची असो की बिनशेती, लोकांची जुनी पायवाट अडवायची नाही. अडवली तर तहसीलदाराने मोकळी करून द्यायची. बास, एवढंच. छोटं, कोरडं आणि कामाचं.

शेठ हुशार माणूस. तो म्हणायचा, मी कुठे वाट अडवलीय? त्याने वाडीतल्या प्रत्येकाला पास दिला होता. निळ्या दोरीचा, गळ्यात घालायचा. त्यावर इंग्रजीत छापलेलं होतं, ‘व्हिजिटर’. पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरावर राहणारी माणसं स्वतःच्या घरी पाहुणे म्हणून जात होती. रखवालदार पास बघून फाटक उघडायचा, त्याच्या सवडीने. ज्या माणसाने तहसीलदाराकडे पहिला अर्ज केला, त्याच्या पासची मुदत लगेच ‘संपली’. तो घळीतून लांबचा फेरा घालून रस्त्यावर यायचा आणि टेम्पो निघून गेलेला असायचा. त्यानंतर वाडीत अर्ज करायला कुणी धजावलं नाही.

आता ती सुधारणा. आमदारसाहेब म्हणाले, वाट अर्धीच का मोकळी करायची? वरच्या तुकड्यात वनखातं आहेच की. उद्या त्यांनी अडवलं तर? म्हणून विधेयकात आणखी एक खंड घाला: केंद्राच्या वन कायद्यात काहीही म्हटलेलं असलं, तरी जंगलातली जुनी पायवाटही मोकळी राहील.

ऐकायला किती छान! टाळ्या पडणारच.

पण इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. राज्याचं विधिमंडळ स्वतःचे कायदे स्वतः करतं, हे खरं. पण कुठल्या विषयावर, ते घटनेने वाटून दिलेलं आहे. काही विषय फक्त केंद्राचे. काही फक्त राज्याचे. गावातले रस्ते, जमिनीवरचे हक्क हे त्यातले. आणि काही दोघांचे सामाईक. जंगल हा सामाईक विषय. सामाईक म्हणजे सासू-सुनेचं स्वयंपाकघर. चूल दोघींची, पण सासूने आधीच पातेलं चढवलेलं असेल तर ते उतरवायला सुनेने विचारावं लागतं. केंद्राचा कायदा आधीच असेल आणि राज्याला त्याच्या उलट कायदा करायचा असेल, तर राज्यपालांची सही पुरत नाही. राज्यपाल ते विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. ते दिल्लीला जातं. तिथे एक मंत्रालय दुसऱ्याला विचारतं, दुसरं राज्याला खुलासा मागतं, राज्याने खुलासा पाठवेपर्यंत इथलं सरकार बदललेलं असतं. दिल्लीला गेलेली विधेयकं परत येतात, नाही असं नाही. पण त्यांची वाट बघत टेम्पो थांबत नाही.

आणि जातं ते सबंध विधेयक. एक खंड दिल्लीला आणि बाकीचं मुंबईत, असं होत नाही. म्हणजे हा एक गोड खंड घातला की फाटकाचा खंडही त्याच्यासोबत गाडीत बसणार. फाटक जागच्या जागी.

बिलाला कुणी विरोध केला असता तर मला काहीच वाटलं नसतं. विरोध समोरून येतो, त्याला उत्तर देता येतं. हा पाठिंबा होता. पाठिंब्याला उत्तर काय द्यायचं?

सुधारणेचा कागद माझ्यासमोर आला तेव्हा पाल दुसऱ्यांदा चुकचुकली. आमदारांच्या सुधारणा मी आयुष्यभर वाचल्या. मनात काय आहे ते कळतं, पण चार ठिकाणी धागे सुटलेले असतात. अमुक खंड बदलला तर पुढच्या कुठल्या खंडात त्याचा परिणाम होईल, हे त्यात कधीच नसतं. ते आम्ही नंतर निस्तरायचं. या कागदात ते सगळं दिलेलं होतं, क्रमाने, नीटनेटकं. हे सभागृहात बसणाऱ्याचं काम नव्हतं. हे आमच्यातल्या कुणाचं तरी काम होतं.

बैठकीत चहाची सुट्टी झाली. मी बाहेर आले. वाडीतले लोक आवारात सावली धरून बसले होते. त्यांच्यातल्या एका बाईने मघाशी समितीपुढे चांगली खणखणीत साक्ष दिली होती, की आम्हाला वाट पुरी पाहिजे, रानातलीपण पाहिजे. नाव चांगुणाबाई. पन्नाशीच्या. खालच्या बंगल्यांत बागकामाला जायच्या. गळ्यात निळ्या दोरीचा पास तसाच होता.

“चांगुणाबाई, छान बोललात,” मी म्हटलं.

“आमाला कुटं बोलाय येतंय, म्याडम. सांगितलं तसं बोलले.”

“कुणी सांगितलं?”

“त्यो वकील आलता की वाडीवर. म्हनला, रानाची वाट बी मागा, सोडू नका.”

“इतक्या लांब आलात कशा? चालत?”

“न्हाई वो. त्या दोन गाड्या दिसत्यात न्हवं पांढऱ्या? त्यातनं आलो. गार वारं येतंय आतून. लई झ्याक.” त्या हसल्या.

“कुणाच्या गाड्या?”

“शेठच्या. फाटकवाल्याच्या. शेठ सुदारला म्हनायचा.”

मी चहा तसाच ठेवला. ज्याने फाटक लावलं, तोच फाटकाविरुद्ध साक्ष द्यायला माणसं एसी गाडीतून पाठवतो? माणसं सुधारतात, मान्य. पण एवढी?

मी बाजूला जाऊन मोघेसाहेबांना फोन लावला. मोघेसाहेब माझे जुने बॉस, कोथरूडला निवृत्तीचं आयुष्य जगत होते. मसुदा लिहायला मला त्यांनी शिकवलं. सुधारणेखाली तिचे सगळे परिणाम क्रमाने मांडायचे, ही त्यांचीच शिस्त. दुसरं कुणी ती पाळलेली मी पाहिली नव्हती.

“लता! किती दिवसांनी,” ते म्हणाले.

“साहेब, वाटेच्या बिलावरची सुधारणा वाचली आत्ता.”

त्यांचा आवाज उजळला.

“बरी उतरलीय का?”

म्हातारपणी माणसाला कौतुक प्यारं असतं. त्यांना लपवताही आलं नाही.

“सुबक आहे. कुणी लिहायला सांगितली?”

“एक वकील आले होते. कुठलीशी संस्था आहे म्हणे, गावकऱ्यांच्या हक्कांसाठी काम करते. चांगलं काम आहे म्हणून लिहून दिली.”

“साहेब, या खंडामुळे बिल दिल्लीला जाईल. हे तुमच्या लक्षात आलं नसेल असं मी कसं मानू?”

मग ते म्हणाले, “मला मसुदा विचारला होता, लता. मत नाही विचारलं.”

मला संताप आला. त्याहून जास्त वाईट वाटलं. हे वाक्यही त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. खात्याने मसुदा मागितला तर मसुदा द्या, धोरणात नाक खुपसू नका. तेव्हा ते शहाणपण वाटायचं. मी ‘ठीक आहे साहेब, तब्येतीला जपा’ म्हणून फोन ठेवला. त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं की ठाऊक असून त्यांनी डोळे मिटले, हे मला आजही कळलेलं नाही.

बैठक संपल्यावर मी अध्यक्षांना गाठलं. अध्यक्ष जुने, मुरलेले आमदार. त्यांना लांबण लावून चालत नाही.

“साहेब, ही सुधारणा घेतली तर विधेयक राष्ट्रपतींच्या अनुमतीला पाठवावं लागेल. तसं माझं मत नोंदवते.”

“म्हणजे लोंबकळणार.”

“बहुधा.”

“आणि न घेतली तर?”

“मग ते आपल्या अखत्यारीतलं. राज्यपालांची सही झाली की कायदा.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “मॅडम, मला कळतंय सगळं. पण लोकांनीच मागितलंय, टाळ्या वाजवून. मी आता नाही कसं म्हणू? उद्या बातमी येईल, समितीने गरिबांची अर्धी वाट कापली.”

“लोकांनीच नको म्हटलं तर?”

“तर मी मोकळा. पण लोकांना सांगणार कोण? मी नाही. आणि तुम्हीही नाही. तुमचं ते काम नव्हे.”

बरोबरच होतं त्यांचं. माझं काम कागदापुरतं. शिवाय माझ्याकडे पुरावा काय होता? दोन पांढऱ्या गाड्या आणि एक नको इतका सुबक कागद. कुणालाही सांगितलं असतं तर हसले असते.

दुसऱ्या दिवशी समिती जागा बघायला गेली. फाटक सताड उघडं. रखवालदाराचा पत्ता नाही. खांबांना झेंडूच्या माळा. फाटकाचे मालक राजनशेठ स्वतः पुढे आले, पांढरा शर्ट, हात जोडलेले, सगळ्यांना थंड ताक. माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, तुम्हीच ड्राफ्ट करता ना? आमचा पूर्ण पाठिंबा आहे. फक्त ते जंगलाचं नक्की घाला. अर्धवट कायदा कशाला करायचा?”

मी ताक घेतलं नाही. पित्ताचं निमित्त सांगितलं.

समितीचे सदस्य शेठसोबत प्लॉट बघत फिरत राहिले. मी मागे रेंगाळले. चांगुणाबाई कुंपणाच्या कडेला एका आंब्याखाली बसल्या होत्या. आज वाडीच्या लोकांना गाडी नव्हती. घरापाशीच तर यायचं होतं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. हे माझं काम नव्हतं. पण सदस्य फिरत असताना मी कुठे बसावं, याचा नियम अजून कुणी केलेला नाही.

“चांगुणाबाई, एक विचारू? रानातली वाट कधी कुणी अडवली?”

“फारेष्टवाले बोलत्यात अदनंमदनं. लाकडं नेऊ नका म्हनत्यात. वाट न्हाई अडवली कदी.”

“मग अडवलंय कुठे?”

त्यांनी हनुवटीने फाटकाकडे खूण केली.

मी त्यांना जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. की फाटकाचा कायदा मुंबईत होतो. रानाचा कायदा दिल्लीला विचारून होतो. दोन्ही एका गाठोड्यात बांधले तर गाठोडं दिल्लीला जाईल, आणि तिकडून कधी येईल ते कुणालाच सांगता येत नाही. तोवर हे फाटक असंच राहील. आणि तो पासही.

चांगुणाबाईंचा चेहरा बदलला. पण मला वाटलं होतं तसा नाही.

“म्हंजी आमी रानाची वाट सोडायची?”

“सोडायची नाही. वेगळी मागायची. आधी फाटक, मग रान.”

“काल समदी म्हनत हुती, पुरी वाट मागा. आज तुमी म्हनताय अर्धी घ्या.” त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. “तुमी कुनाकडच्या, म्याडम? शेठनं धाडलंय का तुमाला?”

आयुष्यभर लोकांवर संशय घेतला, पण माझ्यावर कुणी असा तोंडावर घेतला नव्हता. झोंबला. पण मनात म्हटलं, बाई बरोबर विचारतेय. तिच्या जागी मी असते तर मीसुद्धा हेच विचारलं असतं. सरकारी बाई, चांगली साडी, हातात फाईल, आणि येऊन सांगते की कमी मागा.

“माझ्यावर विश्वास ठेवू नका,” मी म्हटलं. “एकाच गोष्टीचा विचार करा. काल गाडी कुणी पाठवली?”

त्या गळ्यातली निळी दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या, सोडत राहिल्या. खाली शेठ सदस्यांना कुठला प्लॉट कोणत्या दिशेला आहे ते हात पसरून दाखवत होते. चांगुणाबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत होत्या.

“ह्यो मानूस,” त्या हळूच म्हणाल्या, “उनाच्या पारी पानी मागितलं तर न्हाई म्हनला हुता मला. ह्याच झाडाखाली. त्यो गाडी कशापायी धाडंल?”

मी उठले. यापुढे एक शब्दही बोलणं बरोबर नव्हतं.

सदस्य फाटकाशी परत आले तेव्हा अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, गावकऱ्यांपैकी आणखी कुणाला काही सांगायचंय का? चांगुणाबाई पुढे झाल्या. पदर खोचलेला.

“मला सांगायचं हाय. आमाला आदी ह्ये फाटक काडून द्या. रानाचं मागनं बगू.”

शेठच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. आमदारसाहेब गोंधळले. “अहो ताई, पण काल तुम्हीच म्हणालात, पुरी वाट पाहिजे. टाळ्या वाजवल्यात!”

“काल गाडी त्याची हुती, सायेब,” चांगुणाबाई म्हणाल्या. “आज मी पायी आलेया.”

कुणीतरी खोकलं. अध्यक्ष माझ्याकडे बघणार नाहीत याची पुरेपूर काळजी घेत म्हणाले, “नोंद घ्या. बाईंचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत नोंदवा.”

पुढचं काम मुंबईत झालं. समितीची बैठक बसली. मी माझं मत मांडलं, नेहमीच्या कोरड्या आवाजात. विधेयकाचा विषय राज्याच्या अखत्यारीतला आहे, जंगलाचा खंड सामाईक विषयात जातो, दोन्ही एकत्र ठेवले तर दोन्हींना एकच रस्ता घ्यावा लागेल. मग तोडगाही सुचवला: जंगलाच्या खंडाचं वेगळं विधेयक करावं. ते खुशाल दिल्लीला जाऊ दे. फाटकाचं विधेयक इथेच राहील. कुणाचीही मागणी नाकारली असं होत नाही.

आमदारसाहेब म्हणाले, “पण यामुळे लोकांच्या भावनेला...”

“लोकांच्या भावनेची नोंद आहे आपल्याकडे,” अध्यक्ष म्हणाले. “तीच नोंद. वाचू का?”

नको, असं ठरलं.

समितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवला गेला. मग एकेक खंड मताला टाकला. हे बघायला फार कंटाळवाणं असतं. सभागृहाचे अध्यक्ष विचारतात, खंड दोन विधेयकाचा भाग व्हावा, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. होय. खंड तीन. होय. निम्मे सदस्य मोबाईलमध्ये बघत असतात. प्रेक्षक गॅलरीतल्या माणसाला वाटतं, हे काय चाललंय! पण फाटकाचा खंड त्या कंटाळ्यातच मंजूर झाला. ‘होय’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना वरची वाडी ठाऊक होती, कुणास ठाऊक. मग वरच्या सभागृहात तोच प्रकार, मग राज्यपालांची सही, मग राजपत्रात छपाई. खंडाचं कलम झालं.

जंगलाचं विधेयकही मंजूर झालं, टाळ्यांसकट. ते दिल्लीला गेलं. मी निवृत्त होईपर्यंत ते परत आलं नव्हतं. नंतरही आल्याचं ऐकलं नाही. मला त्यापेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त सांगण्यासारखी वाटते. त्या विधेयकाचं काय झालं, हे सभागृहात एकदाही कुणी विचारलं नाही. आमदारसाहेबांनीही नाही. त्यांच्याबद्दल मी छातीठोकपणे काही म्हणणार नाही. कदाचित त्यांचा हेतू खरंच चांगला असेल आणि त्यांचाही कुणी वापर केला असेल. पण आपलं लेकरू दिल्लीला गेलं आणि बापाने एकदाही चौकशी केली नाही, हे मनाला खटकतं.

मोघेसाहेबांना मी पुन्हा फोन केला नाही. त्यांचाही आला नाही.

निवृत्तीनंतर एकदा मुठा खोऱ्यात एका मैत्रिणीच्या बंगल्यावर जायचा योग आला. मला राहवलं नाही. फाटक बघायला गेले. तहसीलदाराच्या आदेशाने ते उघडं होतं. बाजूला शेठने मोठा फलक लावला होता: ‘ग्रामस्थांच्या सोयीसाठी रस्ता खुला.’ खाली त्याचं नाव, हात जोडलेला फोटो. मला हसू आलं. हरलं तरी श्रेय कसं घ्यायचं, हे अशा माणसांकडून शिकावं.

संध्याकाळची वेळ होती. मजुरांचा टेम्पो आला, माणसं उतरली आणि गप्पा मारत, कुणालाही न विचारता फाटकातून वर निघाली. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. सगळ्या नोकरीत मी लिहिलेलं एखादं कलम असं चालताना कधी बघितलं नव्हतं.

चांगुणाबाईंनी मला ओळखलं. हात धरला.

“आलाव का म्याडम! दिल्लीवरनं आलं का आमचं?”

“नाही आलं अजून.”

“वाटलंच मला,” त्या म्हणाल्या. बोलण्यात तक्रार नव्हती, पण माझी नजर खाली गेली. तेव्हा दिसलं, त्यांच्या कमरेच्या पिशवीतून निळी दोरी लोंबत होती.

“अहो, हा पास अजून कशाला बाळगताय? टाका की. आता कायदा झालाय.”

“ऱ्हाऊ द्या.”

“फाटक तर उघडं आहे!”

“उगडं हाय, खरं हाय,” चांगुणाबाई म्हणाल्या. मग मला हाताला धरून फाटकाच्या खांबापाशी घेऊन गेल्या आणि बिजागरीवर बोट ठेवून ते मला दाखवलं. बोट काळं, तेलकट झालं होतं. “दर आठवड्याला रखवालदार तेल घालतोय, म्याडम. उगडंच ठेवायचं तर तेल कशापायी?”

मी घरी आले आणि तहसीलदार कचेरीत कोण ओळखीचं आहे, ते शोधायला बसले. कायदा मंजूर झाला की काम संपलं, असं आम्हाला नोकरीत वाटायचं. फाईल बंद करायचो आणि पुढची उघडायचो. फाटकाला तेल कोण घालतंय, ते बघायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.